पत्रकारिता शिकताना

नमस्कार, श्रोतेहो.

पदवीनंतर पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, असा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या पालकांशी मला आज बोलायचे आहे. नागपूरला हा अभ्यासक्रम नवा नाही. १९५२ साली येथील हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, आणि त्याच्या उभारणीच्या काळात अमेरिकेच्या सिराक्यूज विद्यापीठातील प्राध्यापक रोलंड वुल्सली येथे शिकवायला आले होते.

कॅमेरा, संकलन, निवेदन ही कौशल्ये शिकावीच लागतात, पण ती हाताला सवयीने येतात. वर्गात खरे शिकायचे असते ते खातरजमा करणे, आणि ती करण्यासाठी ज्या विषयाची बातमी लिहायची त्या विषयाचे ज्ञान लागते. न्यायालयाची बातमी घ्या. आपल्या शहरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. सुनावणी सुरू असताना न्यायमूर्ती वकिलांना एखादा प्रश्न विचारतात, एखादे मत बोलून दाखवतात. ते लेखी आदेशात उतरतेच असे नाही. विद्यार्थ्याने ‘न्यायालयाचा आदेश’ असा मथळा देण्यापूर्वी आदेशाची प्रत वाचली पाहिजे. आरोप असलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणायचे नाही, बलात्कारपीडितेची ओळख उघड होईल असे नाव, गाव, नाते काहीही लिहायचे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हाच आहे, आणि आपल्याकडच्या लहान गावांत तर केवळ वडिलांचा व्यवसाय लिहिला तरी घर ओळखू येते.

दुसरे उदाहरण कापसाचे, कारण विदर्भातल्या पत्रकाराला ते टाळताच येत नाही. शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस, आणि त्याचा भाव क्विंटलमागे सांगितला जातो. जिनिंगनंतर, म्हणजे सरकी वेगळी काढल्यावर, निघालेल्या रुईचा भाव मात्र खंडीमागे सांगतात, आणि एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. एक क्विंटल कापसातून रुई निघते ती साधारण एक तृतीयांश. हा हिशेब ज्याला ठाऊक नाही, तो रुईच्या तेजीची बातमी शेतकऱ्याच्या पदरात पडलेला पैसा समजून लिहील, आणि ती वाचून कुणी घरातला माल विकायचा थांबेल. म्हणूनच अर्थशास्त्र, कृषी, विधी किंवा विज्ञान यांपैकी एका विषयाची पदवी घेऊन पत्रकारितेकडे येणारा विद्यार्थी मला अधिक तयारीचा वाटतो.

या शिक्षणासाठी नागपूरसारखे शहर मिळणे हे भाग्यच आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे अधिवेशन येथे भरते, कळमन्याला मोठी बाजारपेठ आहे, महापालिका आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक असते. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात आपल्या प्रभागातल्या एखाद्या कामाविषयी असा अर्ज करून पाहावा.

पालकहो, प्रवेशापूर्वी विभागात जाल तेव्हा स्टुडिओ अवश्य पाहा, पण त्याआधी मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या बातम्यांच्या तपासलेल्या प्रती दाखवायला सांगा. ‘हे कोणी सांगितले?’, ‘कागद पाहिला का?’ असे शेरे शिक्षकांनी त्यांवर मारलेले दिसले, तर निश्चिंत मनाने अर्ज भरा.

नमस्कार.