तापानंतर पाय गार पडला तर तेल चोळत बसू नका

नमस्कार मंडळी, आज जरा चप्पल काढून बसा. पायाच्या वरच्या बाजूला साधारण मध्यावर दोन बोटं हलकी ठेवा, टुक टुक लागतंय का, म्हणजे पायाची नाडी? नाही लागलं तर घाबरू नका, काहींना तिथं लागतच नाही, मग आतल्या घोट्याच्या मागं बघा.

हे का, तर २०२१ ला आमच्या तासगावच्या मामांना कोरोना झाला, ताप उतरला, घरी आले, आणि चौथ्या दिवशी रात्री उजवा पाय ठणकायला लागला. पाय गार, पांढराफटक. आम्ही सगळे शहाणे! मामी तेल चोळतायत, मी गरम पाण्याची पिशवी धरून बसलोय, आजी म्हणते वात आहे. सकाळी मिरजेला नेलं तर डॉक्टरांनी पहिलं विचारलं, दुखायला किती वाजता लागलं? पाय वाचला, दोन बोटं गेली.

आता झालं काय. मामांची द्राक्षबाग आहे, ड्रिपची लॅटरल, म्हणजे झाडांना पाणी देणारी बारीक नळी, चोकअप झाली की पुढचं झाड सुकतं हे त्यांना सांगायला नको. धमनीचं, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीचं, तसंच, फक्त इथं कचरा बाहेरून येत नाही. धमनीला आतून गुळगुळीत अस्तर असतं, व्हायरसनं ते सुजलं की रक्तातल्या प्लेटलेट पेशी तिथं चिकटायला लागतात, त्यात लिव्हर रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन जास्त सोडतं, झाली गुठळी. पायात अडकली तर पाय, मेंदूत गेली तर लकवा, हृदयात अटॅक. आणि हे कोरोनापुरतंच नाही हां, कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूची टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचा धोका जवळजवळ ६ पट निघाला, साध्या फ्लूचा!

पायाला रक्त पूर्ण बंद झालं तर पाय वाचवायला हातात साधारण ६ तास. रक्त गोठू न देणारं हेपरिन नावाचं औषध देतात, आणि एक बारीक नळी असते, टोकाला फुगा, गुठळीच्या पलीकडं नेऊन फुगवायचा आणि ओढून घ्यायचं, गुठळी बाहेर. मामांची तशीच काढली.

आणि हो, हे ऐकून प्रत्येक तापात मेडिकलमधून ॲस्पिरिन आणून खाऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव व्हायचा.

पाय अचानक गार, बधिर, पांढरा पडला तर शेक नाही, मालिश नाही, गाडी काढा. आणि दुखणं सुरू झालेली वेळ मोबाईलमध्ये टाइप करून ठेवा, आम्हाला त्या दिवशी ती सांगताच आली नव्हती.