नवापूर ते भुसावळ: उमेदवाराचा देव कोणता?

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरचं एक बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं. इथून ताप्ती लाइन धरली की नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव करत भुसावळ येतं. तेवढ्या प्रवासात उमेदवाराच्या धर्माकडे बघण्याची कायद्याची नजर बदलते.

नवापूरची विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. इथे याहामोगी देवीला नवस बोलणारे आदिवासी आहेत, रविवारी चर्चला जाणारेही आहेत. दोघंही अर्ज भरू शकतात. दाखल्यात जमात बघतात, देव कोणी विचारत नाही.

अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यावी लागते. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’, यातलं कोणतंही म्हणा. पुढे संविधानावरच्या निष्ठेचा मजकूर दोघांना सारखाच. देव न मानणारा आमदार होऊ शकतो, मंत्री होऊ शकतो, राष्ट्रपतीही. संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामतांनी उद्देशिका ईश्वराच्या नावाने सुरू करा, अशी सूचना मांडली होती. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली.

मग भुसावळ. ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि इथे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद आडवा येतो. अनुसूचित जातीत कोणत्या धर्माचा माणूस धरायचा, हे तो ठरवतो. आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध. त्याच वस्तीतला, त्याच जातीत जन्मलेला माणूस ख्रिस्ती किंवा मुसलमान झाला, तर त्याने खुल्या जागेवर लढावं. भुसावळला त्याचा अर्जच बाद.

बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झालेल्यांनी हे चौतीस वर्षं सोसलं. १९६२ मध्ये नागपूरच्या राखीव जागेवर डॉ. मेश्राम निवडून आले. ते बौद्ध झालेत, म्हणून ही जागा त्यांची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. लोकांनी मतं दिली होती, तरी आमदारकी गेली.

अस्पृश्यता हिंदू समाजातली, धर्म सोडला की ती सुटते, असं या परिच्छेदाच्या बाजूने सांगतात. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून गावकुसाबाहेरचं घर गावात येत नाही. आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक धर्म विचारायला थांबत नाही. १९९० मध्ये बौद्धांसाठी संसदेने हेच तर मान्य केलं!

राखीव जागांत वाटेकरी वाढतील, ही दलित वस्त्यांमधली भीती मात्र खरी आहे. तिला उत्तर द्यायलाच हवं, आणि ते जागा वाढवून देता येतं. माणसाच्या श्रद्धेवर अट घालून नाही. २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, तो याच प्रश्नासाठी. आमचं म्हणणं सरळ आहे: नवापूरला जो नियम आहे, तोच भुसावळलाही लागू करा. तिसरा परिच्छेद काढून टाका.