सापळा लावला, पण दार उघडंच

नमस्कार शेतकरी मंडळी. सटाणा-देवळ्याकडच्या डाळिंबवाल्यांना ही खूण नवी नाही. खोडावर टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं आणि बुंध्याशी पिठासारखा भुसा. हा खोड पोखरणारा भुंगेरा, शॉट होल बोरर. जेमतेम 2 ते 2.5 मिलिमीटरचा. गंमत म्हणजे तो लाकूड खात नाही. सोबत आणलेली बुरशी बोगद्यात वाढवतो आणि तीच खातो. तोही शेतकरीच म्हणा!

त्याला झाड सापडतं ते वासावर. ताण बसलेल्या, मर लागलेल्या, म्हणजे रोगानं वाळत चाललेल्या झाडातून अल्कोहोलचा वास सुटतो, त्यावर हा येतो.

कमजोर झाडाची ही ओढ सालीखालच्या भुंगेऱ्यांनाही असते. उत्तर अमेरिकेतल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या जंगलांत तिचाच सापळा केला. भुंगेरे उडायच्या आधी निवडक झाडं आडवी पाडायची. उभ्या झाडापेक्षा पडलेलं झाड त्यांना प्यारं, त्यातही सावलीतली खालची बाजू. भुंगेरे आत शिरले की पिल्लं बाहेर पडण्याआधी ओंडके जंगलाबाहेर न्यायचे. पण जिथं रस्ताच नाही तिथं? मग उभ्या झाडाच्या बुंध्याला कुऱ्हाडीनं गोल खाचा घालून त्यात आर्सेनिकचं औषध ओतत. रसाबरोबर ते झाडात पसरे, नंतर झाड पाडत. भुंगेरे येत, पण त्यांची पिल्लावळ सालीखालीच मरे. युक्ती चोख. पण सालीखालचे तेच किडे सुतारपक्षी टिपतो, त्याचं काय, हा प्रश्न कॅनडात पुढं आलाच.

आपल्या डाळिंबात असलं काही ओतायचं नाही, हे आधीच सांगतो. फळं खातो आपण त्याची. पण सापळा आपणही लावतो, नकळत. माझंच ऐका. मर लागलेली चार झाडं उपटली आणि लाकूड बांधावर रचलं. वडील म्हणाले, "राहू दे, पावसाळ्यात सरपणाला होईल." महिन्याभरानं त्यातली एक फांदी कोयत्यानं उभी चिरली. आत पेन्सिलीच्या शिशाएवढे काळे बोगदे आणि त्यांत भुंगेरे ओळीनं बसलेले. बांधालगतच्या झाडांना छिद्रं कुठून पडली, ते तेव्हा कळलं.

म्हणून गेलेलं झाड मुळासकट काढा आणि त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन जाळा. छाटणीतली जाड लाकडंसुद्धा. बहारासाठी, म्हणजे झाडाला ताण देऊन फुलं आणायला पाणी तोडलं असेल, तर त्या दिवसांत रोज सकाळी एक फेरी मारा. वरवर नको, खाली वाकून, बुंधा बघत. आणि सरपण हवंच असेल, तर बाभळीचं आणा.