‘लेटेस्ट’ म्हणजे नेमकं कोणतं?

(दृश्य : काळा पडदा. टर्मिनलमध्ये लुकलुकणारा कर्सर.)

एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, सांगितलं, या प्रोजेक्टला अमुक लायब्ररीचं (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचं) ताजं व्हर्जन जोड. त्यानं जोडलं, जराही न अडखळता. आणि ते व्हर्जन दीड वर्षापूर्वीचं निघालं.

एजंट खोटं बोलला नाही. त्याच्यामागच्या मॉडेलचं प्रशिक्षण एका तारखेला थांबलं आणि त्याच्यापुरतं जगही तिथंच थांबलं. नवी व्हर्जन्स, म्हणजे रिलीज, मात्र येतच राहतात.

डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली ‘लॉगफोरशेल’ ही सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. दुरुस्ती म्हणून २.१५.० आलं. ते पुरेना, म्हणून २.१६.०. मग २.१७.०. आणि वर्ष सरायच्या आत २.१७.१. ताजं व्हर्जन कोणतं, याचं उत्तर एका महिन्यात चारदा बदललं. पाठांतरावर चालणाऱ्याचा इथे निभाव लागणार कसा?

म्हणून एजंटच्या हाती टूल देतात. पॅकेजचं, म्हणजे लायब्ररीचं, नाव सांगा, ते पायपीआय (पायथन भाषेच्या पॅकेजेसचा साठा), एनपीएम (जावास्क्रिप्टच्या पॅकेजेसचा) किंवा गिटहब (कोड ठेवण्याची जागा) यांना विचारून आजचं उत्तर आणतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि अशी टूल्स जोडण्याची एक सामायिक पद्धत मिळाली. त्यात टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा एजंटपुढे येतो. आतला कोड येत नाही. म्हणजे टूल काय करतं हे कळायला त्याच्याजवळ असतो तो वर्णनाचा मजकूर. बहुतेकदा सगळ्यात शेवटी, घाईघाईत खरडलेला.

(दृश्य : पडद्यावर एकच ओळ — ‘पॅकेजचं लेटेस्ट व्हर्जन देतं.’)

माणसाला एवढं पुरतं. अडलं तर तो शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारतो. एजंट बहुधा विचारत बसत नाही, वाचतो आणि कामाला लागतो. आणि या ओळीतला ‘लेटेस्ट’ हा शब्द वाटतो तितका साधा नाही.

सगळ्यात मोठ्या आकड्याचं म्हणावं, तर ३.९ मोठं की ३.१०? अक्षरांच्या क्रमानं लावलं तर ३.९ वरचढ ठरतं. व्हर्जनच्या हिशोबात ३.१० पुढचं. मग तारीख बघावी? जुन्या शाखांनाही, म्हणजे आधीच्या व्हर्जनमालिकांनाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत असतात. पायथन ३.१२ आल्यावरही ३.९ च्या शाखेत रिलीज आली आहेत. तारखेनं नवी, शाखेनं जुनी. एनपीएमवर तर ‘लेटेस्ट’ हा निव्वळ टॅग आहे, प्रकाशक तो हव्या त्या व्हर्जनला लावू शकतो. आणि गिटहबच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमनं माहिती मागवण्याच्या सोयीत, रिलीजला ‘क्रिएटेड’ तारीख असते. ती रिलीज तयार केल्याची असेल असं कुणालाही वाटेल. असते मात्र त्यामागच्या कमिटची, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीची! प्रसिद्ध झाल्याची तारीख वेगळ्या रकान्यात.

(दृश्य : जुनी ओळ पुसली जाते. नवा मजकूर टाइप होतो.)

‘पायपीआयवरचं सगळ्यात वरचं स्थिर व्हर्जन आणि त्याची प्रसिद्धीची तारीख देतं. बीटा, रिलीज कँडिडेट (दोन्ही पक्क्या रिलीजआधीची चाचणीची) आणि यँक केलेली (प्रकाशकानं मागे घेतलेली) व्हर्जन्स वगळतं. प्रोजेक्टमध्ये व्हर्जन आधीच पक्कं केलेलं असेल, तर हे टूल वापरू नये.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही. टूल कधी वापरायचं हे सांगायचा उत्साह सगळ्यांना असतो. कधी वापरायचं नाही, हे सांगितलं नाही तर एजंट सुरळीत चाललेल्या प्रोजेक्टमध्येही व्हर्जन वर चढवून मोकळा होतो. हां, म्हणून तिथे पानंच्या पानं भरू नयेत. हे वर्णन सहसा प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे ठेवलं जातं आणि त्याचा प्रत्येक शब्द टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते, खातो.

आता उत्तर न मिळण्याची गोष्ट. ओळखीचं टोकन (वरचं नव्हे, हे प्रवेशाच्या किल्लीसारखं) न देता गिटहबच्या एपीआयला तासाला ६० विनंत्या करता येतात. पुढची नाकारली जाते. टूलनं अशा वेळी नुसती रिकामी यादी परत केली, तर एजंट समजतो की रिलीजच नाही, आणि पुन्हा आपल्या जुन्या आठवणीकडे वळतो. ज्या आठवणीपासून त्याला सोडवायला टूल बनवलं, तिच्याकडेच! म्हणून ‘असं पॅकेज नाही’, ‘पॅकेज आहे पण रिलीज नाही’ आणि ‘विचारताच आलं नाही’ ही तीन उत्तरं वेगवेगळी हवीत. प्रत्येकानंतर काय करायचं, तेही वर्णनात हवं.

(दृश्य : पुन्हा तेच टर्मिनल. तीच मागणी. एकसष्टावी विनंती.)

टूल सांगतं : मर्यादा संपली, विचारता आलं नाही. या वेळी एजंट आकडा ठोकून देत नाही. तो लिहितो, ‘ताजं व्हर्जन आत्ता तपासता आलं नाही. मला माहीत असलेलं जुनं असू शकतं. थांबू, की तेच जोडू?’

कर्सर लुकलुकत राहतो.