गेम सिनेमासारखा आहे, हे कौतुक पुरेसे आहे का?

मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ जगभरच्या समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढते. त्या सरासरीत २००९ साली आलेल्या 'अनचार्टेड २'ला शंभरपैकी ९६, २०१३ च्या 'द लास्ट ऑफ अस'ला ९५ आणि २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'ला ९४ गुण मिळाले. हे तिन्ही गेम साहसाचे आणि मारधाडीचे आहेत, तिन्ही गेम प्लेस्टेशनचे आहेत आणि तिघांचेही कौतुक करताना ते सिनेमासारखे असल्याचे आवर्जून सांगितले गेले. हे गेम चांगले आहेत, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. मात्र गेम हातात धरून खेळायचा असतो, आणि हे गुण देताना हाताला काय मिळाले याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही, अशी माझी तक्रार आहे.

मुंबईत ही तक्रार मांडण्याला कारण आहे. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, दुकानांच्या काचेमागे जुन्या गेमच्या डिस्क रचून ठेवलेल्या दिसतात. प्लेस्टेशन ५ चा मोठा नवा गेम सुमारे पाच हजार रुपयांना मिळतो, त्यामुळे कोणीतरी खेळून विकलेली डिस्क घ्यायची, गोष्ट संपवायची आणि ती डिस्क पुढच्याला द्यायची, ही रीत इथे चांगलीच रुळलेली आहे. परळच्या चाळीत किंवा कांजूरमार्गच्या वन रूम किचनमध्ये टीव्ही एकच असतो. कंट्रोलर एकाच्या हातात असतो आणि बाकीचे घर पाहत बसते. धाकटी बहीण कुठे वळायचे ते सांगते, शेजारचा मुलगा आपली पाळी कधी येते याची वाट पाहतो आणि जेवणाचे ताट घेऊन बसलेले बाबा मधूनच, हा माणूस कोण, असे विचारतात. त्या पाहणाऱ्यांसाठी 'अनचार्टेड' हा खरोखरच सिनेमा असतो आणि त्यांना तो आवडतो, यात काहीच वावगे नाही. समीक्षकाने मात्र कंट्रोलर धरणाऱ्याच्या जागेवरून बोलायला हवे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा पहिला चित्रपट याच शहरात, गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. कॅमेरा कुठे हलला आणि पार्श्वसंगीत कुठे चढले, हे इथल्या प्रेक्षकाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच सिनेमाचे गुण आणि गेमचे गुण वेगवेगळे मोजण्याची अपेक्षा इथून तरी करता येते.

गेमने सिनेमाकडून उसने घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये ज्याने दुपारच्या दुपारी खाल्ल्या, तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली आला. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रांवरून राजपुत्राच्या हालचाली एकेक करून उतरवल्या. त्यामुळे राजपुत्राला वजन आले. धावता धावता तो जागच्या जागी थांबत नाही, थांबण्याआधी थोडा पुढे जातोच. म्हणून कठड्याच्या किती अलीकडे बटण सोडायचे, याचा अंदाज खेळणाऱ्याला बांधावा लागतो, आणि तोही अवघ्या साठ मिनिटांत तळघरातून राजकन्येपर्यंत पोहोचण्याच्या घाईत. सिनेमाकडून आणलेले तंत्र इथे थेट हाताचा नियम होऊन बसले.

'अनचार्टेड २'मध्ये हे एका प्रसंगात साधले आहे. हिमालयाच्या दिशेने धावणाऱ्या आगगाडीवर गेमचा नायक नेथन ड्रेक डब्यामागून डबा ओलांडत पुढे जातो. सहसा अशा प्रसंगांत गाडी जागेवर ठेवून मागचा देखावा सरकवला जातो, पण हा गेम बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीच्या अभियंत्यांनी डबे खरोखर मार्गावरून पुढे नेले आणि त्या हलत्या डब्यांवर चालणे, लपणे, नेम धरणे खेळाडूच्या हाती दिले. याची स्तुती जितकी झाली तितकी योग्यच झाली. त्याच गेममधले कडे चढणे मात्र पाहा. पकडायचा दगड आजूबाजूच्या दगडांहून वेगळा दिसतो, त्या दिशेला कंट्रोलरवरची काडी ढकलायची आणि बटण दाबायचे. चुकायला जवळपास वावच ठेवलेला नाही. मध्येच एखादा दगड निसटतो, ड्रेक एका हाताने लोंबकळतो, त्याच्या तोंडून उद्गार निघतो आणि पाहणाऱ्यांच्या छातीत धस्स होते. खेळणाऱ्याने तिथे काही चूक केलेली नसते आणि त्याला काही वाचवायचेही नसते, कारण पुन्हा खेळले तरी तोच दगड त्याच जागी निसटणार असतो. पहिल्यांदा ही युक्ती रंगते, पण त्यानंतर ती तासन्‌तास चालू राहते आणि ९६ गुणांमध्ये तीही सामावून गेली आहे.

गोळीबाराची गोष्ट याहून अवघड आहे. क्लिंट हॉकिंग या गेम रचनाकाराने २००७ साली 'बायोशॉक' या गेमबद्दल लिहिताना 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' हा शब्दप्रयोग केला. गोष्ट एक सांगते आणि खेळ त्याच्या उलट करायला लावतो, अशा विसंगतीबद्दल ते बोलत होते. ड्रेक गोष्टीत हसरा, मनमिळाऊ, चटकन आपलासा वाटणारा माणूस आहे. खेळात तो माणसे मारत सुटतो. २०१६ च्या 'अनचार्टेड ४'मध्ये एक हजार शत्रू मारल्यावर खेळाडूला जी ट्रॉफी मिळते, तिला निर्मात्यांनी नेमके 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' हेच नाव दिले. दोष ठाऊक असल्याची ही कबुली आहे. तो दूर झाल्याचा पुरावा तिच्यात नाही.

'द लास्ट ऑफ अस'जवळ मात्र थांबावे लागते, कारण या साऱ्या कौतुकाला तिथे खरा आधार सापडतो. जोएल आणि चौदा वर्षांची एली उजाड अमेरिका ओलांडून सॉल्ट लेक सिटीत पोहोचतात, तेव्हा मोडक्या इमारतीच्या भगदाडातून एक जिराफ आत मान घालून पाने खात असतो. बटण दाबले की जोएल त्याच्या मानेवरून हात फिरवतो. त्यानंतर दोघे वर जाऊन कठड्याशी उभे राहतात आणि खाली जिराफांचा कळप चालताना दिसतो. इथे गेम कसलीही घाई करत नाही. खेळाडू तिथून हलेपर्यंत दोघे तसेच उभे राहतात. किती वेळ पाहायचे, हे सिनेमात संकलक ठरवतो. इथे ते खेळणारा ठरवतो.

शेवटी इस्पितळ येते. जग उद्ध्वस्त करणाऱ्या साथीवर एलीमुळे औषध सापडण्याची आशा असते, पण त्यासाठीच्या शस्त्रक्रियेत तिचा जीव जाणार असतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर हातात शस्त्र धरून जोएलची वाट अडवतो. त्याला मारल्याशिवाय एलीपर्यंत जाता येत नाही आणि गेम दुसरा मार्ग देत नाही. पर्याय नसेल तर हा गेम कसला, असा आक्षेप घेतला जातो, पण मला तो इथे पटत नाही. निसटणाऱ्या दगडापाशी खेळाडूच्या इच्छेचा प्रश्नच नव्हता. इथे सगळा प्रश्न त्या इच्छेचाच आहे. एका मुलीसाठी हा माणूस सगळ्या जगाची आशा मोडायला निघाला आहे, ते आपल्याला मान्य नसेल, तरी बटण आपल्यालाच दाबायचे आहे. जोएलच्या अपराधात इथे खेळणाऱ्याचाही हात लागतो आणि प्रेक्षागृहात बसलेल्याच्या वाट्याला हे येत नाही. हे ९५ गुण मला मान्य आहेत.

'गॉड ऑफ वॉर'बद्दल सर्वाधिक बोलले गेले ते कॅमेऱ्याविषयी, कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो एकदाही तुटत नाही. काम थक्क करणारे आहे, पण त्या गेममधली मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट एका बटणात आहे. ते दाबले की नायक क्रेटोसचा मुलगा अट्रेयस बाण सोडतो आणि कितीतरी तासांच्या खेळानंतर अंगठ्याला त्याची सवय होते. मग मुलगा आजारी पडतो आणि क्रेटोस एकटाच बाहेर पडतो. लढाईत अंगठा सवयीने त्या बटणाकडे जातो आणि बाण येत नाही. मुलाची उणीव संवादातून सांगावी लागत नाही, ती बोटाला कळते.

त्याही आधी, २००५ साली, 'शॅडो ऑफ द कोलोसस'ने हे जवळपास संवादांशिवाय केले होते. एक बटण दाबून धरायचे, म्हणजे नायक राक्षसाच्या अंगावरची लव पकडून राहतो. पकडीची ताकद संपत आली की बोट खरेच दुखू लागते, आणि ज्याला इतक्या कष्टाने धरले तो कोसळताना जिंकल्याचा आनंद होत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण २०१७ च्या 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी'चे. त्याला ८४ गुण मिळाले. त्याची गोष्ट भारतात घडते आणि त्यात क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस पश्चिम घाटात होयसळ राजांचा ठेवा शोधतात. घाटातल्या मोकळ्या प्रदेशात जीप हवी तिकडे नेता येते आणि चिखलाच्या चढावर चाके घसरली तर दोर अडकवून ती वर ओढून घ्यावी लागते. त्या भागात ही मालिका खेळणाऱ्यावर विश्वास टाकताना दिसते. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या हत्तीची सुटका करून त्याच्या पाठीवर बसण्याचा प्रसंगही जिव्हाळ्याने केलेला आहे. देखाव्याची तारीफ करताना मात्र एक साधा प्रश्न विचारला जायला हवा होता. हळेबीडचे खरे होयसळेश्वर मंदिर कर्नाटकच्या हासन जिल्ह्यात आहे, ते बाराव्या शतकातले आहे आणि मऊ दगडावरच्या विलक्षण बारीक कोरीवकामासाठी ओळखले जाते. ते आभाळाला भिडत नाही. त्याची कला हातभर अंतरावरून पाहायची आहे. गेमने त्याच नावाने धबधब्यांमधले अवाढव्य पुतळे आणि उंचच उंच वास्तू उभ्या केल्या. कल्पनेला हे स्वातंत्र्य असावेच, पण भव्यता ही सिनेमाच्या चौकटीची गरज होती. जवळ जाऊन निरखणे हा गेमचा स्वभाव होता आणि होयसळांच्या कलेला तोच साजला असता.

असे का होते, याचे एक कारण पैशांत आहे. २०२३ साली अमेरिकेतल्या एका खटल्यातून बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'ला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आला. एवढी रक्कम गुंतल्यावर नवा नियम शोधण्यापेक्षा ओळखीचा कडा चढवणे सुरक्षित ठरते आणि समीक्षकही त्या कड्याला गुण देत राहिले तर बदलायचे कारण उरत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला, तेव्हा त्याच्याकडे असा पैसा नव्हता. भाऊ गोलू याला शोधत निघालेली राजी भिंतीवर धावत चढते, खांबाभोवती गिरकी घेऊन असुरांवर तुटून पडते, आणि कोणता खांब केव्हा धरायचा हे खेळणाऱ्याने हेरायचे असते. पहाडी चित्रांवरून घेतलेली रंगसंगती आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट यांचे कौतुक झाले, आणि लढाईतला अवघडलेपणाही रिव्ह्यूंमध्ये स्पष्ट लिहिला गेला. तो तिथे आहेच. क्लोई ज्या कड्यांवर चढते, त्यांच्याबद्दलही तितक्याच बारकाईने लिहिले गेले असते, तर ते ८४ गुण जीपच्या चाकांना किती आणि पुतळ्यांच्या उंचीला किती, हे लॅमिंग्टन रोडवरून डिस्क घेणाऱ्याला आधीच कळले असते.