गडद रंगाच्या सात गोळ्या

(दृश्य : कुंभारीचं विडी घरकुल, सोलापूरजवळची विडी कामगारांची वसाहत. सकाळ. दारात बसलेल्या बायका, मांडीवर सूप.)

पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर, त्यामुळे सोलापूरच्या या बायकांना मोजणं कुणी शिकवावं लागत नाही. मराठीत, तेलुगूत, कन्नडात, त्या न चुकता मोजतात.

पण गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या २८ गोळ्यांच्या एका पाकिटाचा हिशोब त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो. ‘रोज एक घ्या’ एवढंच सांगितलेलं असतं.

(दृश्य : तळहातावर पाकीट.)

ही ‘माला-एन’. उपकेंद्रात मिळते, आशाताईही आणून देते. २१ गोळ्या पांढऱ्या, ७ गडद रंगाच्या. पांढऱ्या गोळीत दोन हार्मोन असतात : एथिनिल एस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम. दोन्ही मिळून एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्साही भरत नाही.

एवढ्याशा औषधाने काय होतं? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. दर महिन्याला ती अंडाशयाला आधी कळवते, बीज वाढव. मग कळवते, आता सोड. गोळीतले हार्मोन रक्तात असले की हे निरोप निघतच नाहीत. बीज पिकत नाही, सुटत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्राणूंना वाट मिळत नाही. आतलं अस्तरही पातळ राहतं.

म्हणजे ही गोळी गर्भ पाडत नाही. ‘पाप लागतं’ म्हणून ती नाकारणाऱ्या बाईला हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं. गोळी थांबवल्यावर मूल राहत नाही, ही भीतीही खोटी. बीज सुटणं थोड्याच आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, पुन्हा सुरू होतं.

आता त्या सात गोळ्या. त्यांत हार्मोन नाही, फक्त लोह आहे. पांढऱ्या गोळ्या संपल्या की हार्मोन उतरतात, अस्तर सुटतं, पाळी येते. नेहमीपेक्षा कमीच जाते. ‘काळ्या गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून कुणी त्या टाकून देतं. त्याने गर्भ राहत नाही, पण दिवस मोजायचं साधन हातातून जातं.

आणि खरा धोका इथेच आहे. या सात दिवसांत अंडाशय हळूहळू जागं व्हायला लागतं. आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू झालं, तर ते पुन्हा शांत होतं. पण बाई गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गडबडीत असते, माहेरी किंवा तुळजापूरला गेलेली असते, पाकीट घरी फडताळात. सातांचे नऊ-दहा दिवस होतात, तेवढ्यात बीज सुटू शकतं. म्हणून विसरायची नाहीच, अशी गोळी म्हणजे पाकिटातली पहिली पांढरी.

एक पांढरी गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्यावी, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर लगेच एक घेऊन रोजची चालू ठेवावी आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं, तर पांढऱ्या संपताच गडद गोळ्या सोडून थेट नवं पाकीट.

गड्ड्यासाठी पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून आणतात ती गोळी वेगळी. गर्भ टाळायला तिच्या भरवशावर राहू नये.

(दृश्य : एक बाई विडी वळते. हात जवळून.)

विडी वळणं वेगळं, ओढणं वेगळं. पस्तिशीनंतर विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्या बाईने ही गोळी घेऊ नये. रक्तदाब जास्त असेल, पायात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तरीही नाही. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर उतरतो. अशा वेळी तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा.

गोळी चालू असताना पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली, तर सूप बाजूला ठेवायचं आणि त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. हजार पुरे व्हायची वाट बघायची नाही.