फवाऱ्यातलं ताक

नमस्कार मंडळी.

मार्च लागला की माझ्याकडे एक चौकशी हमखास येते. कुठं बचत गटाच्या ताईंनी खानावळ काढलेली असते, कुणाचं मंगल कार्यालय असतं, कुणाची कॉलेजसमोर मेस. सगळ्यांना ती काचेसारखी आरपार दिसणारी, आत सरबत नाचवणारी टाकी घ्यायची असते. “मशीन कोणतं घेऊ?” असं विचारतात. मी उलट विचारतो, “त्यात ओतणार काय?” तिथं गाडी अडते. म्हणून मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. आधी पेय ठरवा, मग मशीन.

ह्या थंड टाक्या दोन जातीच्या. एकीत खालचा पंप सरबत वर खेचतो आणि झाकणाखालून कारंज्यासारखं उडवतो. दुसरीत तळाशी एक पातं सावकाश फिरत असतं, गर खाली बसू देत नाही. पातळ, गाळलेलं, म्हणजे लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत, कारंज्याला चालतं. पन्हं, ताक, लस्सी, ज्यात गर आहे किंवा दूध-दही आहे, त्याला पातं. हे मी कुठं वाचून सांगत नाही. जिथं हे कळलं, तिथं मी स्वतः पेला हातात धरून उभा होतो.

आमच्या आत्याची खानावळ कराडच्या अलीकडे, हायवेला लागून. ट्रकवाले, वऱ्हाडाच्या गाड्या, सगळे थांबायचे, आणि बरेचसे ताकासाठीच थांबायचे. दाराशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, त्यावर झाकण, झाकणावर ओगराळं. म्हशीच्या दुधाचं दही, आणि लोणी न काढता केलेलं ताक. लोणी काढून उरलेलं ताक पैसे घेऊन विकणं ही आत्याच्या मते चोरी होती. (मला विचाराल तर ताकात साखर घालणं ही त्याहून मोठी चोरी. पण तो विषय वेगळा, आणि आमच्या घरातच त्यावरून दोन तट आहेत.)

तर आतेभाऊ पुण्याची नोकरी सोडून घरी आला, आणि येताना एका बंद पडलेल्या ज्यूसच्या दुकानातून कारंज्याचं मशीन स्वस्तात उचलून घेऊन आला. माठ गेला मागच्या दारी. मशीन काउंटरवर. मे महिना, लग्नाची दाट तिथ. सकाळी नऊला त्यानं अठरा लिटर ताक आत ओतलं, वरून मीठ, जिरं, बारीक चिरलेली कोथिंबीर. बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला, ते पांढरंशुभ्र कारंजं बघायला शेजारच्या पंक्चरवाल्याची पोरं येऊन उभी राहिली. आत्या एवढंच म्हणाली, “दिसायला बरंय.”

दहा वाजता ताकावर वीतभर फेस. पेला भरला की अर्धा फेसच. आतेभाऊ म्हणाला, गिऱ्हाईक कॉफीत पैसे देऊन फेस घेतं. अकराच्या सुमाराला कारंजं लंगडायला लागलं. एका बाजूनं उडायचं, मग थांबायचं, मग गुळगुळ आवाज करून पुन्हा उडायचं. आणि साडेअकराला, दारात वऱ्हाडाची बस येऊन उभी, तेव्हाच ते बंद पडलं. पंप घरघरतोय, ताक जागचं हलत नाही. आत्यानं झाकण उचललं, आत हात घातला, आणि मूठ वर काढली. मुठीत लोण्याचा गोळा. हिरवे ठिपके असलेला.

“आरं, ह्यानं तर लोणी काढलं की!”

आता तुम्ही घरी लोणी काढता, तुम्हाला मी काय शिकवणार? घुसळण हवी आणि गारवा बेताचा हवा. ताक कोमट असेल तर लोणी धरत नाही, म्हणून उन्हाळ्यात आपण रवीबरोबर गार पाणी घालतो. साधारण दहा ते पंधरा अंशांच्या मधे लोणी झकास जमतं. आणि मशीन काय करत होतं? कोमट ताक गार करत करत तासभर नेमकं त्याच गारव्यातून नेत होतं, वर न थांबता घुसळत होतं. आत्याची रवी जे काम अर्ध्या तासात करायची तेच त्यानं विजेवर दोन तासांत केलं. कारंज्याच्या भोकांत लोणी, लोण्यात कोथिंबीर, कोथिंबिरीत जिरं.

वऱ्हाडाला ताक माठातूनच मिळालं. लोणी निघालं दीड वाटी. ते तिनं नवरदेवाकडच्या म्हाताऱ्यांना भाकरीवर वाढलं, मीठ-जिरं आधीच घातलेलं. परतीच्या दिवशी त्यातलेच एक आजोबा बसमधून मुद्दाम उतरून आले आणि विचारायला लागले, “ते लोण्याचं मशीन चालू हाय का आज?” दुरुस्तीवाला चार दिवसांनी आला. पंप खोलून त्यानं आतेभावाकडे असं बघितलं, की तो पुढचे आठ दिवस गल्ल्यावर बसला नाही.

मशीन वाया गेलं नाही. त्यात आता गाळलेलं कोकम सरबत उडतं, आणि झकास उडतं. म्हणून पुन्हा सांगतो, आधी पेय, मग मशीन. सोलकढीसाठी मात्र दोन्ही जातींच्या नादाला लागू नका. नारळाची स्निग्धता गारव्यात थिजते, पांढरे कण टाकीच्या भिंतीला चिकटतात. लहान भांड्यात, फ्रीजमध्ये, लागेल तशी काढा.

माझा वेळ संपत आलाय, तेव्हा बाकीचं घाईनं. मोठी टाकी की लहान? दिवसभराचे पेले मोजू नका, गर्दीच्या तासाचे मोजा. अठरा लिटरमध्ये दोनशे मिलीचे नव्वद पेले बसतात, पण ते संपल्यावर कोमट सरबत ओतलंत तर लहान मशीनला ते गार करायला दीड-दोन तास लागतात. पंगत थांबणार आहे का? दुसरा हप्ता आधीच फ्रीजमध्ये गार करून ठेवा. आणि जुन्या उरलेल्यात नवं ओतू नका. हे पुन्हा ऐका, उरलेल्यात नवं ओतू नका.

स्टीलचं भांडं घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील. खोटं आहे ते. २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि मीठ-आंबटाला ते ३०४ नंबरच्या चांगल्या स्टीलएवढं टिकत नाही. नंबर बिलावर लिहून घ्या.

चहाचं मशीन घेऊ का, असंही विचारतात. पाकिटातल्या भुकटीच्या चहाबद्दल मी रेडिओवर काही बोलणार नाही, मुलं ऐकत असतात. करून ठेवलेला चहा थर्मासमध्ये अर्धा तास बरा राहतो, पुढं कडवटतो. त्यापेक्षा लहान पातेलं दोनदा चढवा.

तोटी रोज रात्री सुटी व्हायला हवी, हातानं, पान्याशिवाय. मळ तिथंच साठतो, आतल्या रबराच्या चकतीखाली. विकत घेण्याआधी दुकानातच खोलून दाखव म्हणा. त्याला जमलं नाही तर तुम्हाला रात्री अकराला मुळीच जमणार नाही.

आणि जाताना आपला पेला पिशवीत घालून न्या, तोटीखाली उभा करून बघा. आत्याचे लस्सीचे उंच पेले त्या मशीनखाली मावायचे नाहीत, तिरके धरावे लागायचे, निम्मं सरबत काउंटरवर. आतेभावानं शेवटी मशीनखाली दोन विटा सारल्या. त्या अजून तिथंच आहेत.